दहा रात्री, चौदा ओळी आणि एक बदक

मी वाईला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून लोकांना मोडी कागद वाचून देते. वाटणीपत्रं, कर्जरोखे, इनामाचे कागद, कधी कुणाच्या पणजोबांची सावकारी वही. माणसं प्लास्टिकच्या पिशवीत बाड घेऊन येतात, 'काही जमीनबिमीन निघते का बघा' म्हणतात, आणि निघतं ते बहुतेक वेळा उसन्या जोंधळ्याचं कलम. हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढच्या परीक्षणात मोडी सारखी मध्ये येणार आहे.

लेक लंडनबाहेर स्लाऊला असते. 'आई, तुला अजिबात येत नाही अशी एखादी लिपी शीक' म्हणून तिने माझ्या वाढदिवसाला तिकडच्या एका संस्थेच्या ऑनलाइन वर्गाचे पैसे भरून टाकले. विषय नवशिक्यांसाठी प्राचीन इजिप्तची चित्रलिपी, म्हणजे हायरोग्लिफ. दहा वर्ग, प्रत्येक दीड तासाचा, फी १४५ पाउंड. रुपयांत किती होतात ते बघितलं आणि गप्प बसले. संस्थेचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत आणि त्यांचं म्हणणं अजून यायचंय.

वर्ग बुधवारी त्यांच्या संध्याकाळी सातला. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबारा, गुरुवार लागल्यावर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, कानात इअरफोनची बोंडं, शेजारी थर्मास. पहिल्याच रात्री आमचे हे उठून आले आणि विचारलं, 'कुणाचं काय झालं?' रात्री एक वाजता घरात कुणी हळू आवाजात बोलत असेल तर दुसरं कारण सुचतच नाही आपल्याला.

पहिला वर्ग फुकट गेला. एक तरुण सूत्रसंचालक होता. ममी, शाप, सोन्याचा मुखवटा असं सगळं दाखवून झाल्यावर शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याने रोझेटा दगडाची गोष्ट उरकली. दगड सापडला, त्यावर एकच मजकूर तीन भाषांत होता, शाँपोलियों नावाच्या हुशार फ्रेंच माणसाने तो जुळवून पाहिला, कोडं सुटलं. पीडीएफमध्येही हेच छापलंय. दगडावर भाषा दोनच आहेत, ग्रीक आणि इजिप्शियन. त्यातला इजिप्शियन मजकूर दोन लिप्यांत आहे: वर देवळात कोरायची चित्रलिपी आणि मधे रोजच्या लिखापढीची, भराभर लिहायची डेमोटिक. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी, तसंच थोडंफार. बाळबोध आणि मोडी या दोन वेगळ्या भाषा आहेत असं कुणी मला म्हणालं तर मी त्याचं बाड तसंच परत देईन. १४५ पाउंड घेणाऱ्यांनी ही चूक करू नये.

दुसऱ्या बुधवारी खऱ्या बाई आल्या. वय माझ्याएवढं, केस पांढरे, मागे मांजर. पुढचे नऊ वर्ग त्यांनीच घेतले, आणि या परीक्षणात जे काही चांगलं आहे ते त्यांचं आहे.

बाईंनी सुरुवातच चुकांपासून केली. चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख दक्षिण इजिप्तमधल्या फिली बेटावरच्या देवळात ३९४ सालच्या २४ ऑगस्टला कोरलेला. डेमोटिक आणखी साठेक वर्षं तगली. मग वाचणारं कुणी उरलं नाही. पाचव्या शतकातल्या होरापोलोच्या नावावर चिन्हांचे अर्थ सांगणारा एक ग्रीक ग्रंथ आहे. १४१९ साली त्याची प्रत अँड्रोस बेटावर सापडली आणि युरोपातल्या पंडितांनी ती डोक्यावर घेतली. गंमत अशी की त्यातले काही अर्थ बरोबर आहेत. बदकासारखं एक पाखरू काढलं की अर्थ 'मुलगा'. होरापोलोचं म्हणणं, हे पाखरू पिल्लांवर फार जीव लावतं, म्हणून. खरं कारण अगदी साधं आहे. त्या चिन्हाचा उच्चार साधारण 'सा', आणि इजिप्शियनमध्ये मुलगा या शब्दाचाही तोच.

मी तिथे वहीत लिहिलं: सुत, सूत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कुणी पाळत नाही, दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. समजा कुणी 'सुत' लिहायला सुताची गुंडी काढली. दीड-दोन हजार वर्षं गेली, मराठी बोलणारं कुणी उरलं नाही, आणि एखादा विद्वान सांगायला लागला की मुलगा बापाशी मायेच्या धाग्याने बांधलेला असतो, म्हणून ही गुंडी. अर्थ बरोबर आणि कारण साफ खोटं. असं उत्तर निव्वळ चुकीच्या उत्तरापेक्षा वाईट, कारण ते पटतं. चित्र म्हणजे गूढ कल्पना, ध्वनीशी त्याचा संबंध नाही, ही समजूत त्यामुळे युरोपात घट्ट बसली. सतराव्या शतकात किर्खर नावाच्या जेझुइट पाद्र्याने तर एका राजाच्या नुसत्या नावाचं भाषांतर म्हणून ओसायरिस देव, विधी, नाईल असं सगळं घालून लांबलचक वाक्य दिलं. आम्ही हसलो. बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, ह्याच माणसाने कॉप्टिक भाषेचं, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेचं, व्याकरण युरोपात छापलं, आणि कॉप्टिक ही जुन्या इजिप्शियनचीच वंशज आहे हे ठामपणे सांगितलं. हसून झालं असेल तर हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरा वर्ग दगडाचा. जुलै १७९९, नाईलच्या मुखाजवळचं रशीद गाव, युरोपियनांच्या तोंडी रोझेटा. नेपोलियनच्या सैन्याचं जुन्या किल्ल्याच्या डागडुजीचं काम चालू, बुशार नावाच्या अधिकाऱ्याच्या नजरेला हा दगड पडला. मजकूर इ.स.पू. १९६ चा. टॉलेमी म्हणजे तेव्हा इजिप्तवर राज्य करणारं ग्रीक घराणं. त्यातल्या पाचव्या टॉलेमीने देवळांना सवलती दिल्या, कर माफ केले, म्हणून पुरोहितांनी त्याचा गौरव करायचं ठरवलं आणि तो ठराव दगडावर कोरला. मी माईक चालू करून म्हटलं, हा तर आमच्याकडचा देवस्थान इनामाचा कागद झाला! बाईंना इनाम समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली, पण त्या खूश झाल्या.

ग्रीकच्या ५४ ओळी, डेमोटिकच्या ३२, आणि चित्रलिपीच्या फक्त १४. त्या चौदांतली एकही ओळ पुरती नाही, वरचा कोपराच गेलाय. आमच्या भाषेत वाळवीने खाल्लेला कागद. प्रती कशा काढल्या ते मला फार आवडलं. जानेवारी १८०० मध्ये कैरोत मार्सेल नावाच्या छपाईवाल्याने दगडालाच शाई लावली आणि वर ओला कागद दाबून ठसा घेतला. अक्षरं कोरीव, त्यामुळे ती पांढरी राहिली आणि भोवती सगळं काळं. ठसा उलटा येणार, आरशात धरून वाचायचा. दगड पुढे इंग्रजांच्या हाती गेला, १८०२ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण त्याच्या प्रती तोवर युरोपभर पोचल्या होत्या. म्हणजे कागद सगळ्यांपुढे सारखाच होता, आणि तरी वीस वर्षं तो कुणाला पुरता वाचता आला नाही. पहिल्या वर्गातल्या त्या पोराला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

अडलं कुठे, तर चित्रलिपीच्या उरलेल्या भागात राजाचं नाव एकच, टॉलेमी. लांबट वेटोळ्यात कोरलेलं. त्या वेटोळ्याला कार्तूश म्हणतात आणि आत राजांची नावं असावीत हा अंदाज अठराव्या शतकातच बार्थेलेमी या फ्रेंच अभ्यासकाने बांधलेला. पण एका नावावरून किती अक्षरं खात्रीने सांगणार? इंग्लंडचा टॉमस यंग, पेशाने डॉक्टर, प्रकाश लाटेसारखा वागतो हे दाखवणारा तोच, त्याने १८१९ पर्यंत टॉलेमीच्या नावातली काही अक्षरं बरोबर लावली, काही चुकली. डेमोटिक ही चित्रलिपीशी नातं असलेली लिपी आहे हेही त्याने दाखवलं. मात्र चिन्हं उच्चारासाठी वापरत असतील ती परक्या नावांपुरतीच, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. वर्गात यावर जुंपली. दोन इंग्रज बायका यंगच्या बाजूने तावातावाने बोलायला लागल्या आणि आमच्यातले एक फ्रेंच गृहस्थ कॅमेरा बंद करून बसले. दोनशे वर्षं होऊन गेली, अजून राग आहे.

चौथा वर्ग या सगळ्या फीची किंमत वसूल करून देतो. बाईंनी एक पान पाठवलं होतं. त्यावर दोन कार्तूश, खाली रिकाम्या चौकटी. एक टॉलेमीचं. दुसरं फिलीहून इंग्लंडमध्ये आणलेल्या एका ओबेलिस्कवरचं, म्हणजे उंच, निमुळत्या दगडी खांबावरचं. त्याच्या पायथ्याच्या ग्रीक लेखात टॉलेमीबरोबर क्लिओपात्राचं नाव आहे. ही सिनेमातली क्लिओपात्रा नव्हे, तिच्या आधीची. त्या लेखाची छापील प्रत जानेवारी १८२२ मध्ये शाँपोलियोंच्या हातात पडली. बाई म्हणाल्या, तुमच्याही हातात आत्ता पडली आहे, वीस मिनिटं घ्या, मी चहा करून येते.

रात्री एक वाजून दहा मिनिटं. पेन्सिल घेतली. टॉलेमीत ओळीने: चौकोनी बैठक, पावाचा अर्धगोल, फासासारखी दोरी, बसलेला सिंह, मग एक चपटं लांबट चिन्ह, दोन बोरूसारखी पानं, घडी घातलेलं कापड. प, ट, ओ, ल, म, ई, स. आता दुसरं: तिरका उतार, सिंह, बोरूचं एक पान, दोरी, बैठक, गिधाड, पंजा, तोंड, पुन्हा गिधाड. क्लिओपात्रामध्ये 'ल' दुसरा हवा. दुसरा सिंह. 'ओ' चौथा, तिथे दोरी. 'प' पाचवा, बैठक हजर. 'आ' सहावा आणि नववा, आणि गिधाड नेमकं त्या दोन जागांवर बसलेलं! मी टेबलावर थाप मारली, थर्मास पडला.

मग 'त'ला गाडी अडली. टॉलेमीत पाव, इथे पंजा. पहिल्यांदा वाटलं, पान चुकीचं छापलंय. मग आपोआप हसू आलं. मोडीतही एकाच अक्षराची दोन-तीन वळणं असतात, एक कारकून असं काढतो, दुसरा तसं, आणि नवशिके तिथेच रडतात. एका ध्वनीला दोन चिन्हं. शाँपोलियोंनेही हाच निष्कर्ष काढला होता. पाव शेवटी पुन्हा येतो, शेजारी अंडं घेऊन. ते राणीचं म्हणून, स्त्रीलिंगाची खूण. बाई चहा घेऊन परतल्या तोवर अकरापैकी सात जणांच्या चौकटी भरलेल्या होत्या.

पाचव्या वर्गात शाँपोलियोंचं मोजणं. फिजाक गावच्या पुस्तकविक्याचा हा मुलगा, जन्म १७९०. १८२१ च्या डिसेंबरात त्याने दगडावरच्या ग्रीक मजकुरातले शब्द मोजले: ४८६. चित्रलिपीतली उरलेली चिन्हं मोजली: १४१९. एक चित्र म्हणजे एक शब्द किंवा एक कल्पना असती तर हा हिशोब बसलाच नसता. मला या माणसाचं हे करणं त्याच्या सगळ्या प्रतिभेपेक्षा जास्त आवडलं. बँकेत ३२ वर्षं काढलेल्या बाईला बेरजेने सुटलेलं कोडं आवडणारच.

आणि मग १४ सप्टेंबर १८२२. ह्युओ नावाच्या वास्तुतज्ज्ञाने अबू सिंबेलहून आणलेली चित्रं त्याच्यापुढे आली. एका कार्तूशमध्ये गोल सूर्य, मग तीन कातडी एकत्र बांधावीत तसं एक चिन्ह, मग घडीचं कापड दोनदा. कापड म्हणजे 'स', हे टॉलेमीवरून माहीत. सूर्याला कॉप्टिकमध्ये म्हणतात 'रे'. रे-काहीतरी-स-स. ते मधलं चिन्ह आणि 'स' यांची जोडी रोझेटा दगडावर जिथे येते तिथे ग्रीकमध्ये राजाच्या वाढदिवसाचा शब्द आहे, आणि कॉप्टिकमध्ये 'मिसे' म्हणजे जन्म देणं. रामसेस! ग्रीक लोक इजिप्तचे राजे होण्याच्या हजारभर वर्षं आधीचा अस्सल तिथलाच राजा, आणि त्याचंही नाव उच्चाराने लिहिलेलं. दुसऱ्या कार्तूशवर आयबिस पक्षी, म्हणजे थोथ देव, आणि मागे तीच जोडी: थोथमेस. यंगचा 'परक्या नावांपुरतं' हा दावा तिथे निकालात निघाला. शाँपोलियों धावत भावाच्या कचेरीत गेला, 'सापडलं मला' म्हणाला आणि कोसळला, पाच दिवस अंथरुणात होता, अशी त्यांच्या घरात सांगत आलेली गोष्ट. २७ सप्टेंबरला त्याने पॅरिसच्या अकादमीत आपलं प्रसिद्ध पत्र वाचलं, श्रोत्यांत खुद्द यंग होता. पण त्या पत्रातही भर ग्रीक-रोमन नावांवरच. पुरती पद्धत १८२४ च्या पुस्तकात आली. आणि ती बांधलेली कातडी? त्याने त्यांचा उच्चार नुसता 'म' धरला होता. ते चिन्ह एकट्याने 'म-स' अशी दोन व्यंजनं दाखवतं हे १८३७ मध्ये लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने नीट मांडलं, तेव्हा शाँपोलियों जाऊन पाच वर्षं झाली होती. एक्केचाळिसाव्या वर्षी गेला बिचारा.

आता माझी मोठी तक्रार. 'रे' आणि 'मिसे' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर होते म्हणून रामसेस वाचला गेला. पोरवयापासून तो कॉप्टिक शिकत होता, पॅरिसमध्ये एका इजिप्शियन पाद्र्याकडे जाऊन बसत होता, स्वतःची टिपणं कॉप्टिकमध्ये लिहीत होता. अख्ख्या प्रकरणाचा कणा हा. आणि या अभ्यासक्रमात कॉप्टिकला किती वेळ? वीस मिनिटं. शाप आणि सोन्याच्या मुखवट्याला एक पूर्ण वर्ग!

मोडीचं बघा. अक्षरं दोन महिन्यांत येतात. शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन उत्साहाने बाहेर पडलेली मुलं माझ्याकडे येतात, अक्षर अन् अक्षर बरोबर लावतात आणि ओळीचा अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे बघतात. कारण मोडीत शब्द सुटे नसतात, आणि 'मौजे', 'किता', 'सुहूर', 'बिन' ही भाषा आधी कानात नसेल तर ती माळ कुठे तोडायची ते कळत नाही. आपल्याकडे प्रिन्सेप या इंग्रजाने ब्राह्मी ही जुनी लिपी उलगडली तेव्हा सांचीच्या लहान लहान लेखांच्या शेवटी सारखी येणारी दोन अक्षरं त्याला 'दानं' म्हणून ओळखता आली, ती देणग्यांची रीत आणि तो शब्द ठाऊक होता म्हणूनच.

त्या वीस मिनिटांतही चांगलं घडलं ते योगायोगाने. वर्गात अलेक्झांड्रियाचा एक विद्यार्थी होता, कॉप्टिक ख्रिस्ती घरातला. बाई 'मिसे' म्हणाल्या तसा तो म्हणाला, आमच्या प्रार्थनेत 'मिसि' म्हणतात, आणि त्याने ओळ म्हणून दाखवली. अर्धी गाणं, अर्धी पुटपुट, सवयीने येते तशी. अकरा जण गप्प. मग वेळ संपली म्हणून सूत्रसंचालकाने पुढची स्लाइड लावली. मी असते तर त्या पोराला पुढचा तासभर बोलू दिलं असतं.

पुढचे वर्ग व्याकरणाचे, ते भराभर सांगते. स्वर लिहीत नाहीत, फक्त व्यंजनं. आपण 'नेफेर' (सुंदर) म्हणतो त्यातले 'ए' आजच्या अभ्यासकांनी बोलायच्या सोयीसाठी घातलेले. शब्दाच्या शेवटी बऱ्याचदा एक मुकं चिन्ह येतं, ते वाचायचं नाही, ते फक्त सांगतं की शब्द कशाबद्दल आहे. मराठीत 'पान' लिहून शेवटी झाड काढलं तर झाडाचं, पोथी काढली तर पुस्तकाचं, ताट काढलं तर जेवणाचं, असं. ही सोय मोडीत असती तर माझी निम्मी डोकेदुखी गेली असती. 'ध'चा 'मा' करायलाही मग बरंच कोरकाम लागलं असतं. ओळ डावीकडून वाचायची की उजवीकडून, ते प्राण्यांच्या तोंडांवरून ठरतं: ती जिकडे बघतात तिकडून सुरुवात. सरावाच्या पानांवर हे सोपं वाटतं.

किरकोळ तक्रारी. मार्चअखेर तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली. संस्थेने एका शब्दाने कळवलं नाही, मी नेहमीप्रमाणे साडेबाराला हजर आणि आठव्या वर्गाचा एक तास होऊन गेलेला. रेकॉर्डिंग मिळतं, पण चौदा दिवसांनी बंद होतं. उजळणी करणाऱ्याने काय करायचं? दोन पीडीएफमध्ये फाँट बसवलेला नव्हता, चिन्हांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. मेल केल्यावर तिसऱ्या दिवशी दुरुस्त पान आलं, ते मान्य. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकवलंय, तेही लिपीच्या वर्गाने. संस्थेचा दोष नाही अशी एक फसगत माझीच: उत्साहात ऑनलाइन रोझेटा दगडाचा टेबलावर ठेवायचा नमुना मागवला. भिंग लावून बघितलं तर मधल्या भागात त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा. कागदांवर ठेवायला बरा आहे, जड आहे.

जूनमध्ये लेकीकडे गेले तेव्हा ब्रिटिश म्युझियमला दोनदा जाऊन आले. प्रवेशाला पैसे नाहीत. रोझेटाच्या पेटीपुढे पंढरीच्या बारीसारखी गर्दी, फरक इतकाच की इथे लोक दर्शनाऐवजी फोटो घेऊन निघतात. सव्वा मीटरही उंच नाही, पण ७६० किलो. कडेला इंग्रजीत रंगवलंय की ब्रिटिश सैन्याने १८०१ मध्ये इजिप्तमध्ये हस्तगत केला. दोनशे वर्षांचं मेण, शाई आणि हातांचा मळ १९९९ मध्ये काढला. बाईंनी सांगितलं होतं, डाव्या बाजूला खाली एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय. मी माणसांच्या बगलेखालून वाकून तो शोधला. काळपट आहे. पहिल्या दालनात हात लावता येईल अशी दगडाची प्रतिकृती उघडी ठेवलीय. तिथे गर्दी नव्हती. चौदा ओळींवरून बोट फिरवून टॉलेमीची वेटोळी शोधली आणि बैठक, पाव, दोरी, सिंह असं एकेक चाचपून बघितलं.

खरी परीक्षा शेजारच्या मृत्युशिलांपुढे झाली. बऱ्याच शिलांवर एकच ठरलेला मंत्र असतो, 'हेतेप दी नेसू', राजाने दिलेला नैवेद्य. राजाचं चिन्ह वाचताना शेवटी येतं, पण लिहिताना पहिलं. मानाचं पान आधी. एका लहान चुनखडीच्या शिलेपुढे उभी राहिले, वाचायला लागले, काही केल्या लागेना. दहा मिनिटं गेली. लेक कंटाळून म्हणाली, 'आई, ती पाखरं कुठे बघताहेत?' उजवीकडे. मी डावीकडून वाचत होते. दहा रात्री जागून!

उजवीकडून लागलं. राजाचं लव्हाळं, चटईवर ठेवलेला पाव, दान. पुढे कमळाचं रोप, त्याचा अर्थ हजार. त्याला लागून पाव, बिअरचं भांडं, बैलाचं डोकं, पाखराचं डोकं. हजार भाकरी, हजार घागरी बिअर, हजार बैल, हजार पाखरं. येणाऱ्या-जाणाऱ्याने हे मोठ्याने वाचलं की ते सगळं मेलेल्याला पोचतं, अशी त्यांची श्रद्धा. मी हळूच वाचलं. शेवटी 'त्याचा मुलगा' म्हणून बदक बसलं होतं. पुढचं नाव मात्र वाचता आलं नाही, ते खालच्या पाटीवर इंग्रजीत बघावं लागलं.

पाचपैकी साडेतीन. बाईंना पाच, संस्थेला दोन. पहिला वर्ग चुकवला तरी चालेल, चौथा काही झालं तरी चुकवू नका. अकरा वर्षांपुढच्या मुलांनाही जमेल, फक्त आपल्याकडच्या वेळा बघून ठेवा, आणि मार्च-ऑक्टोबरात घड्याळाचं आधी विचारा. दुसऱ्या टप्प्याची फी मी अजून भरलेली नाही. कॉप्टिकचे किमान दोन वर्ग घ्या, आणि त्या अलेक्झांड्रियाच्या मुलाला बोलवा, अशी सविस्तर मेल केलीय. उलट टपाली 'आपली विनंती नोंदवली आहे' असं यंत्राचं उत्तर आलं, क्रमांकासह. त्याला आता पाच आठवडे झाले.